सूर्याच्या चालीने

स्केरीहेवन, ३ जून १९११

एल्स्पेथ,

लरविकचा पत्ता आईने दिला. माझ्याकडे न बघता, चुलीशी बोलल्यासारखा एकदाच सांगितला. माझ्याकडून लिहून घेताना काही चुकलं असेल तर हे पत्र शेटलंडभर फिरेल. फिरू दे.

तू निघालीस त्या सकाळी दारात ट्रंक टेकवून तू एवढंच विचारलंस, "निन, तू खरंच त्याला सांगितलं होतंस?" मी "हो" म्हणालो. तुझ्या कामाच्या टोळीतल्या दोघी रस्त्यावर खोळंबल्या होत्या. तू ट्रंक उचललीस आणि गेलीस. आता तिथे दिवसभर हेरिंग मासे चिरताना त्या "हो"चं तू काय करत असशील, हे मला कळत नाही.

कोर्टातही तू माझी साक्ष संपायच्या आधीच उठलीस. म्हणून न्यायासनावरच्या शेरीफसमोर शपथेवर जे सांगितलं तेच इथे लिहितो. तुला निदान कागदावर तरी सलग मिळावं.

शनिवारी, बावीस एप्रिलला, लष्करातर्फे कॅप्टन हॅलिडे एडिंबरोहून माझं विमान बघायला येणार होते. आठ दिवस आधी इंजिन चालू करताना पंख्याने माझं मनगट मोडलं. वॉटी आपण होऊन म्हणाला, "मी नेतो." हिवाळाभर तो माझ्याबरोबर वाळूवर विमान पळवत होता, दहा-बारा वेळा सरळ रेषेत उडालाही होता. हे इंजिन जागच्या जागी स्थिर राहत नाही, पंख्याबरोबर सगळंच्या सगळं गरगरतं. त्या फिरत्या वजनामुळे उजवीकडे वळताना विमानाचं नाक खाली जातं. म्हणून जमिनीजवळ उजवीकडे वळायचं नाही, हे मी त्याला सांगितलं होतं. मग समुद्रावरून धुकं आलं. पुढचं दिसेना म्हणून तो मागे फिरला, आणि उजवीकडे वळला. उंची साठ फूट होती.

सात पंचांनी पाऊण तासात निकाल दिला. मृत वॉल्टर ड्यूथी याने स्पष्ट सूचना पाळली नाही.

यात तुझ्या नवऱ्याला कमीपणा येतो असं मला वाटत नाही. चूक कोणाकडूनही होते. तो माझा थोरला भाऊ होता, आणि बापामागे त्यानेच मला शाळेत ठेवलं. हे मी विसरलेलो नाही.

बोटांना गुंडाळायला आईने पिठाच्या गोणीच्या चिंध्या फाडून ठेवल्या होत्या, त्या तू विसरून गेलीस. सोबत पाठवतो. मिठाच्या पाण्यात जखमा भरत नाहीत.

निनियन


स्केरीहेवन, २४ जून

एल्स्पेथ,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

काल धक्क्यावर पीटर मीर्न्स आपल्या खलाशावर ओरडत होता. "दोर सोड म्हटलं तर बांधतोस? तुझे कान वॉटी ड्यूथीचे काय रे?" सगळे हसले. मग त्यांना मी दिसलो, आणि सगळे एकदम जाळ्यांकडे बघायला लागले. पीटर माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस निन. तू तर सांगितलंच होतंस."

वीस वर्षं ज्याच्या हातात सुकाणू होतं आणि ज्याने एक माणूस कधी गमावला नाही, त्याचं नाव आता या गावात न ऐकणाऱ्याला द्यायचं नाव झालं आहे. दोन महिन्यांत झालं. माझ्या एका वाक्याने झालं.

कॅप्टन हॅलिडेंचं पत्र आलं. पंचांच्या निकालावरून यंत्रात दोष नव्हता हे स्पष्ट होतं, असं ते लिहितात. विमान दुरुस्त करून सप्टेंबरात दक्षिणेला आणा, आणखी अधिकाऱ्यांना दाखवू. पत्र मी तीनदा वाचलं. मला आनंद झाला, एल्स्पेथ. अर्धा मिनिट झाला असेल, पण झाला. तुझ्यापासून तो लपवला तर या पत्रांना काही अर्थ नाही.

म्हणून मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो. वॉटी आपण होऊन पुढे आला नाही. मी त्याच्याकडे गेलो. शुक्रवारी दुपारी तो तुमच्या दारात जाळं सांधत बसला होता.

"वॉटी, उद्या तू नेशील?"

"मी? मला मासे धरू दे बाबा. वर काय धरू, कावळे?"

"फक्त सरळ जायचं आहे. वाळूच्या या टोकाला उडायचं, त्या टोकाला उतरायचं."

"तुझा तो कॅप्टन पुढच्या शनिवारी येत नाही का?"

"नाही येत. पुढच्या शनिवारी तो दुसऱ्या कोणाचं तरी बघेल."

त्याने जाळ्यात नवी गाठ घालायला घेतली. तेव्हा मी म्हणालो, "राहू दे. ना पोर ना बाळ, तरी जिवाला एवढा जपतोस."

आत तू भांडं आदळलंस. म्हणजे तू ऐकलंस. त्यानेही ऐकलं की तू ऐकलंस. हातातली गाठ पुरी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती वाजता?"

हे शेरीफने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

नि.


स्केरीहेवन, १६ जुलै

एल्स्पेथ,

आज रविवार. आई चर्चला गेली आहे. आज पत्र लिहू नये हे मलाही कळतं, पण आठवडाभर आणि कुठल्याच दिवशी जमलं नाही.

गेल्या मंगळवारी मी दुरुस्त केलेलं विमान बाहेर काढलं. मनगट आता धरतं. ते उडालंही चांगलं. वाळूच्या टोकाशी आलो तेव्हा मला वळताच येईना. डावीकडे वळायचं आहे हे माहीत होतं, पाय आणि हात दोन्हींना माहीत होतं, पण मी वळलो नाही. सरळ जाऊन उथळ पाण्यात उतरलो. बसून राहिलो. भरती पंखाला लागेपर्यंत बसलो होतो.

शेरीफ परगावचा माणूस. त्याला एक प्रश्न सुचला नाही, आणि मी सुचवला नाही. आपल्या कुठल्याही बाईने विचारला असता. वॉटी उजवीकडेच का वळला?

तुझा बाप, माझा बाप, सगळ्यांनी बंदरातून निघताना बोटीचं तोंड सूर्याच्या चालीनेच फिरवलं. उजव्या हाताला. वारा आडवा असो, शंभर हात जास्त वल्हवावं लागो. दोर गुंडाळायचा तसाच. प्रेत घरातून काढायचं तेही तसंच वळवून. उलटा फिरला तो स्वतः बुडतो आणि बरोबरच्यांनाही नेतो. हे आपल्याला कोणी शिकवत नाही. चालायला लागतो तसं ते येतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ते इंजिन फ्रान्सहून आलं आणि तिसऱ्या की चौथ्या उड्डाणात मला कळलं की याला उलटंच फिरावं लागणार. उजवीकडे वळवलं की नाक खाली घालतं. डावीकडे वळवलं की वर येतं. म्हणून मी डावीकडेच वळत होतो. वर्षभर, प्रत्येक वेळी, सूर्याच्या विरुद्ध. आणि ते बंदरातून दिसू नये म्हणून वाळूच्या टेकड्यांमागे जाऊन वळत होतो. लोक म्हणायचे, निन लाजतो, पडलो तर हसतील म्हणून लपतो. मीही हसून घ्यायचो.

कळलं असतं तर विमानाच्या शेडला कोणी हात लावला नसता. पंखांचं कापड शिवून देणाऱ्या तुम्ही बायका, त्या कापडाला ताण यावा म्हणून साबुदाण्याची खळ शिजवून लावणारी आई, चाकांना दोर बांधून विमान वाळूवर ओढणारे वॉटीचे खलाशी. एकही माणूस उरला नसता. आणि वॉटी त्यात बसला नसता.

म्हणून मी त्याला सांगितलं ते एवढंच: "वळू नकोस. सरळ जा, सरळ उतर." डावं आणि उजवं हे शब्द मी तोंडातून काढलेच नाहीत. काढले असते तर त्याने विचारलं असतं, "मग तू कसा वळतोस?"

कोर्टात त्या "वळू नकोस"ला मी "उजवीकडे" जोडलं. एका शब्दाने वाचलो. यंत्र वाचलं. तो गेला होताच, असं मी स्वतःला सांगितलं.

दारात तू विचारलंस त्याचं उत्तर "नाही" असं आहे.

निनियन


स्केरीहेवन, २८ ऑगस्ट

एल्स्पेथ,

फ्रेझरबर्गहून तू आईला टाकलेलं कार्ड तिने मला वाचून दाखवलं. "निनला सांगा, मला हवं होतं ते मिळालं. आता लिहू नकोस म्हणावं." आईने ते बायबलमध्ये ठेवलं. मला विचारलं नाही काय हवं होतं आणि काय मिळालं. मी सांगितलं. ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. त्या दिवसापासून ती माझं ताट वाढते आणि बाहेर जाऊन उभी राहते.

तू नको म्हणालीस तरी लिहितो आहे, कारण मी काय केलं ते तुला कळायला हवं. त्यातून काही निघालं नाही, तेही.

सरकारी वकिलाकडे गेलो. त्याने मला चांगली खुर्ची दिली.

"म्हणजे तुम्ही वळू नका असं सांगितलं होतंत?"

"हो."

"आणि तो वळला."

"हो, पण..."

"मग निकालात चूक काय आहे? सूचना होती. पाळली नाही."

मी म्हणालो, मी शपथेवर खोटं बोललो. तो चष्मा पुसत राहिला. म्हणाला, "पंच पुन्हा बोलवू? तुमच्या वहिनीला पुन्हा त्या बाकावर बसवू? एका शब्दासाठी? घरी जा, ड्यूथी. तुम्ही दुःखात आहात."

कॅप्टन हॅलिडेंना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं आलं, सभ्य. आता ते येणार नाहीत, बोलावणारही नाहीत. ते एक तरी झालं.

मग मी धक्क्यावर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. बोटी रिकाम्या होत होत्या. मोठ्याने सांगितलं की वॉटीला धोक्याचं मी काही सांगितलं नव्हतं, चूक माझी होती. कोणी हसलं नाही. पीटर मीर्न्सच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा भाऊ हवा," तो म्हणाला, "मेलेल्याला सुद्धा पाठीशी घालतो." मी त्याचा गळा धरला. लोकांनी सोडवलं. मला घरी पोचवलं. वाटेत एकाने स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर घातली, पाऊस होता म्हणून.

एल्स्पेथ, खरं बोललो तर ते मला आणखी चांगला म्हणतात. खोटं बोललो तेव्हाही चांगलाच म्हणत होते. यातून बाहेर पडायला दार नाही.

आणि एक आहे, ते मला झोपू देत नाही. शेरीफला मी धुक्याचं सांगितलं. धुकं तेव्हा नव्हतं. आम्ही त्याला दाराच्या फळीवर घालून नेत होतो तेव्हा आलं. तो वळला तेव्हा आभाळ मोकळं होतं, आणि पुढे दोन मैल वाळू शिल्लक होती. सरळ जाऊन त्याला उतरता आलं असतं. कॅप्टन टाळ्या वाजवत होते. मग तो वळला का?

नि.


स्केरीहेवन, ९ ऑक्टोबर

एल्स्पेथ,

हेरिंगमागोमाग तुमची टोळी आता दक्षिणेला उतरली असेल, म्हणून हे यार्मथच्या पत्त्यावर पाठवतो आहे. लिहू नकोस म्हणालीस, म्हणून सप्टेंबरभर लिहिलं नाही. हे मात्र माझं नाही, तुझं आहे. ते माझ्याकडे ठेवून घेतलं तर मी आणखी एकदा तेच केलं असं होईल.

गेल्या आठवड्यात मी शेडमध्ये विमान मोडत होतो. पंखाच्या फासळ्या काढून झाल्या होत्या. म्हातारा डेव्ही कार्गिल आला. वॉटीच्या बोटीवर तो सुरुवातीपासून होता, पण एप्रिलनंतर त्याने माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. दारातल्या खोक्यावर बसला, पाइप पेटवला.

"मोडतोयस?"

"हो."

"बरं करतोयस. सरपण चांगलं होईल." मग त्याने पाइपातली तंबाखू अंगठ्याने दाबली. "धक्क्यावर तू जे बरळलास ते अर्धंच होतं, निन. तू उलटा फिरायचास ते नाही सांगितलंस."

मी करवत खाली ठेवली.

"टेकड्यांमागे लपलास म्हणून बंदराला नाही दिसलास," तो म्हणाला. "पण आम्ही बंदरात कुठे असतो रे? आम्ही समुद्रावर असतो."

मी विचारलं, वॉटीने पाहिलं होतं का.

"पहिल्यांदा त्यानेच. मागच्या साली जूनमध्ये. बोटीवर आम्ही तिघंच, तिसरा खाली झोपलेला. मी म्हटलं, 'वॉटी, तुझा भाऊ सैतानाला वाट दाखवतोय.' सैतानाचं नाव निघालं म्हणून त्याने लंगराच्या लोखंडाला हात लावला आणि म्हणाला, 'डेव्ही, हे या बोटीबाहेर गेलं तर तू दुसरी बोट बघ.' तो मेला तरी मी बोललो नाही. त्याचा शब्द होता."

"मला का नाही बोलला तो?"

"तू त्याला का नाही बोललास?"

मग म्हाताऱ्याने राहिलेलं सांगितलं. त्या शुक्रवारी संध्याकाळी वॉटी त्याच्याकडे गेला होता. त्याचे शब्द डेव्हीने जसे सांगितले तसेच लिहितो, माझं काही न घालता.

"उद्या मी निनचं यंत्र नेतोय. सरळ जा म्हणतो तो. पण मी त्याला एकदा वळवून आणणार आहे, नीट, आपल्या रीतीने. वर्षभर उलटं फिरवलंय पोराने, म्हणूनच मनगट मोडलं. पुढच्या वेळी मान मोडेल. एक फेरी सूर्याच्या चालीने झाली की त्याच्यावरचं टळेल. त्याला कळायला नको, चिडेल."

डेव्हीने पाइप झटकला. "मी म्हटलं, बरं करतोयस. मीही म्हटलं, निन. तेव्हा तू एकटाच नाहीस." आणि उठून गेला.

वॉटीने न ऐकल्यामुळे काही झालं नाही. धुक्यात चुकला म्हणूनही नाही. माझ्या त्या घाणेरड्या बोलण्याचा राग डोक्यात होता म्हणूनही नाही. हे मला महिनोन्‌महिने वाटत होतं, तुलाही वाटलं असेल. तो मला वाचवायला वळला. ज्या वळणाने माणूस मरतो ते वळण, एवढंच मी त्याच्यापासून लपवलं होतं, आणि तेच त्याने मला द्यायला घेतलं. एक वाक्य मी बोललो असतो, किंवा एक वाक्य तो बोलला असता. आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं.

मी आता इथे राहणार नाही. कुठे जाईन ते ठरलेलं नाही, आणि कोणी विचारतही नाही. आईला हे सगळं सांगितलं. तिने ऐकलं. पहिल्यांदाच ती मी जेवत असताना खोलीत थांबली, पण पाठ करून.

एक मागणं आहे. माझ्यासाठी नाही. वकिलाकडे मी हरलो, धक्क्यावरही हरलो. तिथे माझ्या तोंडून काहीही निघालं तरी ते मला चांगलं म्हणतील आणि त्याला बहिरा. पण तू जिथे उभी आहेस तिथे शेटलंडपासून खालपर्यंतच्या प्रत्येक बंदरातली एक तरी बाई हौदाशी मासे चिरते आहे. नोव्हेंबरात त्या घरी जातील, आणि त्यांनी नेलेली बातमी त्यांचे नवरे, बाप, भाऊ खोटी म्हणणार नाहीत. तुझ्या तोंडून ऐकलेली तर नाहीच. तू मला पाठीशी घालशील असं कोणालाही वाटणार नाही.

म्हणून हे पत्र मोठ्याने वाच. आधीची तू ठेवली असशील तर तीही. माझं नाव पूर्ण घे. सुरुवात कशी करायची ते सुचलं नाही तर अशी कर: वॉल्टर ड्यूथीला उजव्या वळणाचं कोणी काही सांगितलं नव्हतं, तो भावावरचं अरिष्ट टाळायला वळला. बाकीचं हळूहळू वाच. त्यांना हात थांबवायला सांगू नकोस, मासे थांबत नाहीत. काम करता करता ऐकतील त्या.

निनियन ड्यूथी